धरमपेठेतल्या कॅफेचं व्हेज बर्गर आणि घरची राजमा टिक्की

परवा आईला घेऊन नागपूरच्या धरमपेठेतल्या एका नवीन कॅफेत गेलो, नाव नाही लिहीत. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही खात. मेनूत व्हेज म्हणून चारच गोष्टी, त्यात बर्गर. टिक्की म्हणजे नुसता बटाटा न् मक्याचे दाणे, बाहेरून जळालेली, आत थंड, आणि पाव असा कोरडा की घशाखाली उतरेना. पण खरा राग आला तो मेयोचा. त्यात अंडं आहे का विचारलं तर पोराला माहीतच नाही, आत जाऊन डबा आणला तर त्यावर तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारीची खूण! आईनं घास तसाच खाली ठेवला ना बाप्पा. हिरवा ठिपका बघून सामान भरायला असा काय वेळ लागतो? सँडविच मात्र चांगलं होतं, तेवढं सांगतो.

घरी आम्ही राजम्याची टिक्की करतो. राजमा रात्रभर भिजवून नीट शिजवायचा, पाणी पूर्ण निथळायचं, अर्धवट कुस्करायचा, त्यात एक उकडलेला बटाटा, कांदा, आलं-लसूण, चमचाभर सावजी मसाला आणि बांधणीला भाजलेल्या पोह्यांची पूड. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली की तव्यावर फुटत नाही, मंद आचेवर कडा लालसर कुरकुरीत होतात, आत मऊच राहते. मेयोऐवजी टांगलेल्या दह्यात पुदिना.

बाहेरच खायचं तर आईला घेऊन मी हल्दीरामलाच जातो, तिथे सगळंच शाकाहारी, विचारत बसावं लागत नाही. त्या कॅफेला पाचपैकी दोन.