नाशिकच्या परसातली पाच कलमे: आठ वर्षांनंतरचा अभिप्राय

आंब्याच्या कलमाविषयीचे मत विकत घेतल्याच्या आठवड्यात देता येत नाही. पंखा किंवा मिक्सर घरी आणला की दोन दिवसांत त्याची पारख होते. कलमाच्या पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवरचे नाव खरे की खोटे, हे मात्र पहिले फळ हातात आल्यावरच, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी कळते. म्हणूनच जुलै 2016 मध्ये शहराबाहेरच्या एका खाजगी रोपवाटिकेतून आणलेल्या पाच कलमांविषयी मी 2024 चा हंगाम हातावेगळा झाल्यावर लिहीत आहे. हापूस, केसर, आम्रपाली, रत्ना आणि मल्लिका अशी ती पाच नावे होती. त्यांपैकी चार खरी निघाली आणि एक चुकीचे. रोपवाटिकेचे नाव मी देत नाही, कारण ज्या ढिलाईमुळे ही चूक घडली ती एकट्या त्या रोपवाटिकेची आहे असे मला वाटत नाही आणि तिथल्या इतर गोष्टींविषयी मला चांगलेच म्हणायचे आहे.

आमचे घर मखमलाबाद भागात आहे. घरामागची मोकळी जागा साधारण 40 फूट लांब आणि 30 फूट रुंद असून वर काळी माती आणि दोन-अडीच फुटांखाली मुरूम लागतो. उन्हाळ्याच्या सुटीत पाहुण्यांनी भरलेल्या घराला पुरतील एवढे आंबे मिळावेत आणि प्रत्येक जातीची चव शेजारी-शेजारी ठेवून पाहता यावी, एवढीच अपेक्षा होती. आंब्याच्या आपल्याकडच्या बहुतेक जातींची कोय लावली तर झाड आईसारखे निपजत नाही, म्हणून जातिवंत फळ हवे असेल तर कलमाला पर्याय नसतो. कलम म्हणजे कोयीपासून उगवलेल्या रायवळ (गावठी) आंब्याच्या खुंटावर हव्या त्या जातीची काडी बसवलेले रोप, आणि त्याची सारी किंमत त्या काडीच्या खरेपणात असते.

रोपवाटिकेतली रोपे दिसायला उत्तम होती. पाने तजेलदार, उंची दोन-अडीच फूट, काडी-खुंटाचा जोड सरळ आणि भरलेला. तिथल्या माळीकाकांनी प्रत्येक पिशवी हातात घेऊन जोड कुठे आहे ते दाखवले आणि तो मातीच्या वर किमान वीतभर राहिला पाहिजे असे दोनदा बजावले. खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल घ्यावा, त्यात चांगले कुजलेले शेणखत भरावे, जोडाखालून फुटणारे खुंटाचे फुटवे दिसताक्षणी खुडावेत आणि पहिली तीन वर्षे मोहर काढून टाकावा, हा त्यांचा सल्ला आम्ही अक्षरशः पाळला आणि त्याचा फायदा झाला. विकून झाल्यावर गिऱ्हाइकासाठी इतका वेळ देणारा माणूस क्वचित भेटतो.

एक उणीव मात्र घरी आल्यावर दिसली. केसरच्या जोडावर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी तशीच राहून गेली होती आणि वाढत्या खोडात ती इतकी रुतली होती की वरची साल दोन्ही बाजूंनी फुगून तिच्यावर येऊ लागली होती. ब्लेडच्या टोकाने ती उभी चिरून सोडवली तेव्हा खाली बांगडीसारखी पांढुरकी खाच उमटलेली होती. ती खाच भरून यायला वर्ष गेले आणि त्या वर्षात केसर इतरांच्या मागे पडले. कलम घेताना जोडाभोवती नख फिरवून पट्टी काढली आहे की नाही ते पाहावे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

आता जातींविषयी. हापूसविषयी लिहिताना मला वाईट वाटते, कारण पाचांपैकी सर्वाधिक माया मी त्याच्यावरच केली. झाड वाढले आणि मोहरही आला, पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरला की त्या मोहरात फळ धरणारी फुले कमी पडतात, आणि जो मोहर उरतो त्यावर भुरी ही बुरशी आणि तुडतुडे हे रस शोषणारे किडे तुटून पडतात. आठ वर्षांत तीनच हंगाम त्याने नाव घेण्याजोगे फळ दिले, तेही वर्षाआड. 2022 मध्ये 23 फळे उतरली आणि त्यांतल्या सात फळांत साका निघाला. बाहेरून फळ सोन्यासारखे पिवळे आणि घमघमणारे, पण कापल्यावर कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस वासाचा गर. तापलेल्या जमिनीची धग हे त्याचे एक कारण मानतात, म्हणून नंतर आम्ही झाडाखाली गवताचे जाड आच्छादन ठेवू लागलो. उरलेल्या सोळा फळांची चव हापूसचीच होती, पण कोकणातल्या हापूसला जो खोल सुगंध असतो तो त्यात अर्धाच उतरला होता. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्या यादीचा अर्थ मला कागदावर वाचून कळला नव्हता, तो या झाडाने समजावला. नाशिककरांनी परसात हापूस लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केसर त्या मानाने इथे रमते. जुनागढच्या नवाबांनी 1934 मध्ये या फळाच्या गराचा रंग पाहून त्याला हे नाव दिल्याचे सांगतात, आणि फोड कापल्यावर तो रंग आजही तसाच दिसतो. आमच्याकडे त्याचा पाड, म्हणजे झाडावर पिकू लागलेली पहिली फळे, मेअखेरीस लागतो. रसाला केसरइतके सोयीचे फळ दुसरे नाही: रेषा जवळजवळ नाही, साल पातळ आणि रस दाट. एका वर्षी भरपूर आणि पुढच्या वर्षी तुरळक, ही त्याची खोड आहे खरी. 2023 मध्ये 90 फळे आणि 2024 मध्ये 31.

आम्रपालीविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण हे नाव ऐकले की आपल्याकडे अजूनही लोक नाक मुरडतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून ही जात तयार झाली. झाड मुळातच ठेंगणे असते. अडीच मीटर बाय अडीच मीटर अंतरावर हेक्टरी 1600 झाडे लावण्याची शिफारस तिच्यासाठीच झाली. घरामागे तुटपुंजी जागा असलेल्या माणसाला यापेक्षा मोठे वरदान नाही. आमचे झाड आठ वर्षांनंतरही नऊ फुटांच्या वर गेलेले नाही. दरवर्षी फळे उतरवल्यावर आतल्या गर्दीच्या फांद्या छाटल्या की काम भागते, आणि शिडी न लावता, नुसत्या हाताने देठासकट फळ काढता येते. लावल्यापासून चौथ्या वर्षी 14 फळे आली, आणि त्यानंतर एकही वर्ष ते रिकामे गेले नाही. गेल्या हंगामात 118 फळे मोजली.

फळ लहान असते, वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम, आणि पिकल्यावरही साल हिरवटच राहते, त्यामुळे पाहुण्यांना ते कच्चे वाटते. याच कारणाने आम्ही सुरुवातीला फसलो आणि साल पिवळी होण्याची वाट पाहत दहा-बारा फळे अतिपिकी करून टाकली. तिची पिकण्याची खूण रंगात नाही, देठाजवळच्या बोटभर दबण्यात आणि वासात आहे. भाताच्या पेंढ्यात अढी लावली की सहाव्या-सातव्या दिवशी खोलीचे दार उघडताच मधासारखा वास येतो, तो दिवस खरा. कापल्यावर आत गर्द केशरी, घट्ट, चमच्याने उकरून खाता येईल असा गर आणि पातळ कोय.

तिची अडचण एकच, पण मोठी. आम्रपाली उशिराची जात आहे. नाशिकमध्ये ती जूनच्या उत्तरार्धात तयार होते, आणि तोवर पाऊस डोक्यावर आलेला असतो. पावसाबरोबर फळमाशी येते. पहिल्या दोन हंगामांत निम्मी फळे आतून अळ्यांनी नासली. त्यानंतर फळ लिंबाएवढे झाले की त्याला कागदी पिशवी बांधायची आणि एप्रिलपासून झाडाजवळ फळमाशीला ओढून पकडणारे रक्षक सापळे टांगायचे, असा क्रम ठेवला आणि नुकसान चार-पाच फळांवर आले. शंभरावर पिशव्या बांधणे हे दोन रविवारांचे काम आहे, हे लावणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे.

रत्ना हे या पाचांतले अनपेक्षित सुख ठरले. कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ही जात दिली, आणि हापूसची चव साक्याशिवाय मिळावी हा तिचा मोठा गुण आहे. आमच्या झाडाच्या एकाही फळात आजवर साका निघाला नाही. फळ हापूसपेक्षा मोठे, गर घट्ट, रेषा नाही; सुगंध हापूसहून सौम्य, पण मी वर लिहिले त्या नाशिकच्या हापूसपेक्षा उणा नक्कीच नाही. ज्यांना हापूसच हवा असतो त्यांनी या शहरात रत्ना लावावा.

राहिली मल्लिका. तीही नीलम आणि दशहरी यांच्याच संकरातली, फक्त आई-बाप आम्रपालीच्या उलट. आणि एकाच जोडीची ही दोन अपत्ये शेजारी लावून चाखावीत ही माझी फार दिवसांची इच्छा होती. चार वर्षे त्या झाडाची सर्वांत जोमदार वाढ झाली आणि 2020 च्या मे महिन्यात त्याला 40 फळे लागली. फळे लांबोडी, दोन्ही टोकांना निमुळती आणि खाली पोपटाच्या चोचीसारखी वळलेली होती. चव पाहण्याचीही गरज नव्हती. तो तोतापुरी होता.

रोपवाटिकेत फळ घेऊन गेलो तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. चिठ्ठ्या बदलल्या गेल्या असतील असे कबूल केले आणि दुसरे कलम फुकट देऊ केले. त्यांचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. पण कलमाची किंमत होती 150 रुपये आणि माझी गेलेली होती चार वर्षे, खड्ड्याची जागा, पाणी आणि वाट पाहणे. त्याची भरपाई नव्या पिशवीने होत नाही. ज्या मातृवृक्षावरून काडी घेतली त्याची नोंद आणि कलमाच्या खोडाला तारेने बांधलेली, न पुसणारी चिठ्ठी एवढी व्यवस्था तरी प्रत्येक रोपवाटिकेने ठेवायलाच हवी.

झाड तोडायला मन झाले नाही. लोणच्यासाठी आणि तिखट-मीठ लावून खायला तोतापुरीची कैरी चांगली, म्हणून अर्धे झाड तसेच ठेवले आणि दोन फांद्या छाटून त्यांवर आलेल्या कोवळ्या फुटव्यांवर रत्नाची पाचर कलमे करून घेतली. त्याच माळीकाकांनी घरी येऊन हे काम केले. काडीची पाने आठवडाभर आधी कापून ठेवली होती, त्यामुळे शेंड्याचा डोळा टपोरा झाला होता. दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी केलेली काडी फुटव्याच्या चिरेत बसवताना त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. सालीला साल मिळाली की नाही ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, पट्टी गुंडाळली आणि वरून बर्फाच्या पेप्सीची प्लॅस्टिकची नळी टोपीसारखी घातली. सहा कलमांपैकी चार लागली. या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरातच चवीची बैठक घेतो. अढीतले शेवटचे केसर, रत्ना आणि मुद्दाम लवकर उतरवून पिकवलेली आम्रपाली यांच्या फोडी नाव न सांगता आकडे घातलेल्या ताटल्यांत ठेवतो. दोन फोडींमध्ये पाण्याचा घोट. पिंपळगाव बसवंतचे माझे मेहुणे द्राक्षबागेतला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतात आणि प्रत्येक फोडीचा एक थेंब काचेवर टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, पाहतात. यंदा केसर 19, रत्ना 21 आणि आम्रपाली 23 भरली. तोतापुरी 14 वर राहिला. मी आकडे वहीत लिहू लागलो तेव्हा ते म्हणाले, "दाजी, नुसत्या साखरेवर जाऊ नका, आंबटपणा जिभेला किती लागतो ते लिहा. द्राक्षातही तेच बघावं लागतं." त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्रपाली सर्वांत गोड, पण दोन फळांनंतर तिची गोडी जड होते. केसरमध्ये मागे राहणारी आंबट छटा आहे आणि म्हणून रसाची दुसरी वाटी केसरचीच मागितली जाते. माझ्या आईचे बालपण पेठ तालुक्यात रायवळ आंबे चोखण्यात गेले. तिने डोळे मिटून तिन्ही फोडी खाल्ल्या आणि रत्नाच्या ताटलीवर बोट ठेवले. "ह्यात थोडा जंगलाचा वास आहे," असे ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

त्या रोपवाटिकेतून मी पुन्हा कलम घेईन का, असे अनेकांनी विचारले आहे. घेईन, कारण रोपांचा दर्जा चांगला आहे, सल्ला खरा मिळतो आणि चूक झाल्यावर तोंड फिरवले जात नाही. मात्र नाव ऐकून नव्हे, तर काडी ज्या झाडावरून घेतली ते झाड फळांसकट पाहून घेईन, आणि त्यासाठी पावसाळ्यात नव्हे तर मे महिन्यात जाईन. लहान जागा असलेल्यांनी पहिले कलम आम्रपालीचे घ्यावे, दुसऱ्याला जागा असेल तर रत्नाचे, आणि घरात रस आवडत असेल तर केसरचे. आमच्या हापूसला आणखी दोन हंगाम देणार आहे. त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात सिंधूसाठी खड्डा खणून ठेवला आहे. रत्ना आणि हापूस यांच्या संकरातली ही 1992 ची जात, तिची कोय अगदी पातळ असते, आणि ज्या मातृवृक्षावरून तिची काडी घ्यायची तो मी येत्या मे महिन्यात पाहून येणार आहे.