सीझनआधी ठासणीची बंदूक जुळवताना: गोल गोळी, कॉनिकल की सॅबो?

बंदूक नवी, गोळी दुकानदाराने सुचवलेली, दारू शंभर ग्रेन (ग्रेन हे गोळी-दारूचं छोटं माप). तरी शंभर यार्डांवर गोळ्या आठ इंचांत विखुरतात आणि राग निघतो दुर्बिणीवर. बहुतेक वेळा नळी आणि गोळी यांचंच जमलेलं नसतं. अमेरिकेत हरणाच्या मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) सीझनसाठी .५० कॅलिबरची (अर्धा इंच व्यासाच्या नळीची) बंदूक जुळवू पाहणाऱ्यांसाठी ही तुलना. (भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.)

आधी राज्याचे नियम वाचा. कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनमध्ये सॅबो (प्लास्टिकच्या वाटीतली गोळी), दारूच्या पेलेट (दाबून घट्ट केलेल्या वड्या) आणि दुर्बीण तिन्ही चालत नाहीत. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरच्या सीझनला चकमकीच्या ठिणगीने पेटणारीच बंदूक लागते. सॅबोचा ढीग आणल्यावर हे कळण्यात काय अर्थ?

मग नळीचा पीळ पाहा. १:२८ म्हणजे आटे (नळीच्या आत कोरलेल्या चऱ्या) २८ इंचांत एक वेढा घेतात. सगळा निकाल इथेच लागतो.

गोल गोळी आणि चिंधी: १:६० सारख्या संथ पिळासाठी. .४९० इंचाची शिशाची गोळी, वजन सुमारे १७७ ग्रेन, आणि वंगण लावलेली ०.०१५ इंच जाडीची सुती चिंधी. स्वस्त, धक्का कमी, गोळ्या घरी ओतता येतात. मात्र वेग झपाट्याने मरतो. हरणावर ७५ यार्डांच्या आतच बार टाकावा. १:२८च्या नळीत ही गोळी थोड्या दारूवरच सरळ जाते, दारू वाढवली की आट्यांची पकड सुटते.

कॉनिकल: ३५० ते ४०० ग्रेनची, अख्ख्या शिशाची लांब गोळी. १:२८ला चांगली. १:४८च्या नळीतही आखूड कॉनिकल आणि गोल गोळी दोन्ही बऱ्यापैकी चालतात. कॉनिकल खोल घुसते, म्हणून एल्कसाठी (मोठ्या हरणासाठी) हीच घ्या. खांदा मात्र शेकतो, आणि शंभर यार्डांपुढे गोळी भराभर खाली येते. एक खोड लक्षात ठेवा: नळी खाली करून चालताना कॉनिकल दारूपासून पुढे सरकू शकते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली की नळी फुगते, फाटूही शकते. म्हणून गोळी पूर्ण बसल्यावर ठासणीच्या गजावर खूण करा आणि दिवसभर अधूनमधून तपासा.

सॅबो: प्लास्टिकच्या वाटीत .४५२ इंचाची, २५० ते ३०० ग्रेनची गोळी. पीळ १:२८सारखा जलद हवा. तिघांत सर्वांत सपाट जाते; नेम पक्का असेल तर १५० यार्डांपर्यंत. पण नळी तापली की प्लास्टिक मऊ पडतं आणि ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा पुंजका) विखुरतो. भर उन्हाळ्यात घाईघाईने चाचणी केली तर चांगला बारही वाईट ठरतो. दोन बारांमध्ये नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा.

दारूत मत स्पष्ट आहे: जुळवणीसाठी सुटी दारू. पेलेट भरायला सोपी, पण ती बहुधा ५० ग्रेनच्या टप्प्याने वाढते. सुटी पाच-पाच ग्रेनने वाढवता येते आणि चांगला ग्रुप बऱ्याचदा मधल्याच आकड्यावर मिळतो. ट्रिपल सेव्हन ही काळ्या दारूची पर्यायी दारू त्याच मापात काळ्या दारूपेक्षा जोरदार, म्हणून माप १५ टक्के कमी घ्यावं. तिचं कडक कडं नळीत साचतं आणि पुढची गोळी अडते. ब्लॅकहॉर्न २०९ ही दुसरी पर्यायी दारू महाग, पण मळ सर्वांत कमी. तिला २०९ प्रायमरची (दारू पेटवणाऱ्या जोरदार टोपीची) इनलाइन बंदूक, म्हणजे टोपी थेट नळीच्या मागे असलेली, लागते. चकमकीवर किंवा ११ नंबरच्या टोपीवर तिचा भरवसा नाही. चकमकीला खरी काळी दारूच.

माप आकारमानाचं असतं, वजनाचं नव्हे. ब्लॅकहॉर्नचं १०० ग्रेनचं माप तराजूवर साधारण ७० ग्रेन भरतं. तराजूवर १०० तोललं तर बार धोकादायक होतो. धूररहित दारू तर ठासणीच्या साध्या बंदुकीत कधीच नाही.

आता चाचणी. वाळूच्या पिशवीवरून, ५० यार्डांवर, ७० ग्रेनपासून सुरुवात. तीन बार, मग पाच ग्रेन वाढवा. कमाल मर्यादा बंदुकीच्या पुस्तिकेतली. मळ धरणारी दारू असेल तर प्रत्येक बारानंतर एक ओली आणि एक कोरडी चिंधी फिरवा. गोळी, दारू, प्रायमर यांतली एकच गोष्ट एका वेळी बदला. ग्रुप कुठे पडतो ते तूर्त सोडा, तो लहान झाल्यावरच शंभर यार्डांवर जाऊन दुर्बीण किंवा बंदुकीची माशी (नेम धरायची खूण) हलवा.

ग्रुप फुटला तर समोरच्या जमिनीवर पडलेली चिंधी किंवा सॅबो शोधून पाहा. चिंधी मधोमध जळली असेल तर वंगण कमी किंवा ती पातळ. आट्यांच्या रेषेत कापली असेल तर कडा धारदार. सॅबोच्या पाकळ्या तुटल्या असतील तर दारू कमी करा किंवा जाडी वेगळी असलेला सॅबो घ्या.

शेवटची तपासणी पहिल्या बाराची. शिकारीत तोच मोजला जातो, आणि तो थंड, स्वच्छ नळीतून सुटतो. तेल पुसून, नुसती एक टोपी किंवा प्रायमर उडवून, मग भरा. हा बार वेगळ्या वेळी, वेगळ्या कागदावर घ्या. तो ग्रुपपासून तीन इंच दूर पडत असेल, तर त्यालाच धरून नेम लावा.