कॉलेजमधला स्पॅनिशचा कोर्स: सात महिन्यांनंतर

मी हिंजवडीत अकाउंट्सचं काम करते. आमच्याकडे मेक्सिकोच्या क्लायंटची बिलं येतात. त्यातलं 'फाक्तुरा' म्हणजे बिल आणि 'फेचा' म्हणजे तारीख एवढंच कळायचं. म्हणून पुण्यातल्या एका कॉलेजच्या शनिवार-रविवारच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, बॅचला नाव घातलं. सात महिने झाले, सर्टिफिकेट हातात आलंय, आता निवांत लिहिते.

फी खाजगी क्लासपेक्षा बरीच कमी. मॅडम मेहनती, वह्या घरी नेऊन तपासायच्या. आब्लो, आब्लास, आब्ला (बोलते, बोलतेस, ती बोलते) असं पाढ्यांसारखं घोकून घ्यायच्या, त्यामुळे वर्तमानकाळ दिवाळीआधीच पक्का झाला. आकडे तर फुकटातच आले. एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत अजूनही अडखळणाऱ्या माझ्यासारखीला 'सेसेन्ता इ नुएबे', म्हणजे सरळ साठ आणि नऊ, हा केवढा दिलासा!

तक्रार आहे ती शिकवण्याच्या भाषेची. वर्गात चाळीस जण, बहुतेकांच्या घरी मराठी, आणि सगळं व्याकरण इंग्रजीतून. 'गुस्तार' म्हणजे आवडणं, त्याचा तास मला आठवतो. फळ्यावर 'आय लाइक मँगोज' लिहून मॅडमनी समजावलं, की स्पॅनिशमध्ये हे उलटं असतं, आवडणारी वस्तू कर्ता होते, क्रियापद तिच्याप्रमाणे बदलतं. अर्धा तास गेला तरी वर्ग 'यो गुस्तो'वरच, म्हणजे 'मी'ला कर्ता धरण्यावरच, अडलेला. शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बार्शीची एक मुलगी बसायची. ती हळूच म्हणाली, "अगं, हे तर 'मला आंबे आवडतात' झालं की!" झालंच होतं. 'मे' म्हणजे मला. आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस.

त्या दिवसापासून वहीत मराठीचा वेगळा रकाना आखला. कर्म माणूस असेल तर त्याआधी 'आ' लावायचा, हा नियम पुस्तकात पानभर आहे. आपण 'घर पाहते' म्हणतो, पण 'मारियाला पाहते' म्हणतो. बेओ ला कासा, बेओ आ मारिया. संपलं पान. (यातल्या 'ला कासा'तला 'ला' आपला नव्हे, तो स्त्रीलिंगी नामाआधी येतो. मी दोन आठवडे गोंधळले होते.) 'मी', 'तू' गाळून नुसतं 'जाते' म्हणायची सवय आपल्याला आहेच. त्यांचा 'त'ही आपलाच, टोमॅटो विसरून 'तोमाते' म्हणायचं. आणि 'पागार' म्हणजे पैसे देणं. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला, पण शब्द दोन्हीकडे एकच, त्यामुळे बिलांवर तो पहिल्याच दिवशी ओळखीचा निघाला.

मराठी दगा देते ती 'आहे'पाशी. आपल्याला एकच, त्यांना दोन: सेर आणि एस्तार. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, असं शिकवलं गेलं. मग 'पुणे महाराष्ट्रात आहे' याला एस्तार का? पुणे कुठे निघालंय? आणि 'तो मेलेला आहे' यालाही एस्तारच! यापेक्षा कायमचं काय असतं? ठिकाण आणि अवस्था यांना एस्तार, असं धरून चालले तेव्हा चुका कमी झाल्या. आणि स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे 'माझा', पण घरच्यांची ओळख करून देताना 'मी काका' म्हणू नका. तिकडे लहान मुलांच्या भाषेत 'काका' म्हणजे शी. मॅडम दोन मिनिटं हसत होत्या.

आता खरी उणीव. सात महिन्यांत ऑडिओ चार-पाचदा ऐकवला असेल, तोही खरखरणाऱ्या स्पीकरवर. चाळीस जणांत बोलायची पाळी आली तर दोन वाक्यं. स्पेनच्या सेर्वांतेस संस्थेची 'देले' ही स्पॅनिशची परीक्षा द्यायची असेल तर हे महागात पडेल. तिथे वाचन-लेखन मिळून 50 गुण, ऐकणं-बोलणं मिळून 50, आणि दोन्हीकडे वेगवेगळे किमान 30 लागतात. लेखनातले जादा गुण बोलण्याला उधार मिळत नाहीत.

शिवाय पुस्तक स्पेनचं. तिथलं 'बोसोत्रोस', म्हणजे 'तुम्ही सगळे', आम्ही महिनाभर घोकलं. मेक्सिकोत ते बोलण्यात नसतंच, अनेकांना 'उस्तेदेस' म्हणतात. जानेवारीत क्लायंटच्या बाईंशी पहिल्यांदा स्पॅनिशमध्ये बोलले. माझं वाक्य संपल्यावर त्या म्हणाल्या, "मांदे?" 'मांदार' म्हणजे पाठवणं, एवढं मला ठाऊक होतं. मी लगेच बिल पुन्हा मेल केलं. त्यांनी पुन्हा "मांदे?" म्हटलं, मी पुन्हा मेल केलं. मेक्सिकोत 'मांदे' म्हणजे 'काय म्हणालात?', हे त्या दिवशी संध्याकाळी कळलं. तोवर एकच बिल तीनदा गेलं होतं.

पाया घालायला, कमी पैशांत, हा कोर्स घ्या. रोज अर्धा तास ऐकायचं मात्र घरी, आणि ज्या देशाशी काम आहे तिथलं. ए-टूला मी दुसरीकडे जातेय, तिथे बॅच बारा जणांची आहे. बार्शीवालीही येतेय.