दोन शाळा आणि एक फळा : जपानच्या अभ्यासदौऱ्याविषयी

पुण्यातील एका प्रवास कंपनीने शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी आखलेल्या आठ दिवसांच्या जपान अभ्यासदौऱ्यात मी गेल्या नोव्हेंबरमध्ये सहभागी झालो होतो. माहितीपत्रकात तीन शाळांच्या भेटी छापल्या होत्या. प्रत्यक्षात टोकियोलगतच्या सायतामा प्रांतातील दोनच प्राथमिक शाळा पाहायला मिळाल्या आणि तिसरीच्या वाट्याचा अर्धा दिवस खरेदीत गेला. पहिल्या शाळेत स्वागत, मुलांचे समूहगीत आणि मुख्याध्यापकांसोबत छायाचित्र एवढेच झाले, तेव्हा तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या शाळेने मात्र माझे पैसे वसूल करून दिले. प्रवेशद्वाराशी बूट काढून शाळेने दिलेल्या चपला घालून आम्ही चौथीच्या वर्गात मागे उभे राहिलो. ४५ मिनिटांच्या गणिताच्या तासाला शिक्षिकेने एकच प्रश्न दिला : काटकोनात वळलेल्या आकृतीचे क्षेत्रफळ काढायचे. कोणी आकृतीचे दोन आयत केले, कोणी दुसऱ्या बाजूने छेद दिला, तर एका मुलीने हरवलेला कोपरा भरून मोठा आयत पूर्ण केला आणि नंतर तो कोपरा वजा केला. शिक्षिकेने या रीती सोपीकडून अवघडाकडे अशा क्रमाने फळ्यावर मांडून घेतल्या, मुलांना त्यांची तुलना करायला लावली आणि संपूर्ण तासात फळा एकदाही पुसला नाही. तास संपला तेव्हा डावीकडे उद्दिष्ट, मधे मुलांचे विचार आणि उजवीकडे निष्कर्ष असा अख्खा तास एका नजरेत वाचता येत होता. या फळालेखनाला तिथे ‘बान्शो’ म्हणतात आणि शिक्षक त्याचे नियोजन आधी कागदावर करतात. बावीस वर्षे शिकवताना मी एका तासात तीन-तीनदा फळा पुसत आलो, हे मला तिथे उभ्याउभ्याच आठवले.

त्या तासाला शाळेतील इतर शिक्षकही वही घेऊन हजर होते. नंतरच्या बैठकीत शिक्षिकेने कसे शिकवले यापेक्षा कोणते मूल कुठे अडखळले आणि का, यावर बोलणे चालले होते. ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे पाठाचा सामूहिक अभ्यास, तो हाच. आपल्याकडे केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रके आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच दुपार सरते, म्हणून ही बैठक मला शेवटपर्यंत ऐकायची होती; परंतु बस थांबली आहे म्हणून दहाव्या मिनिटाला आम्हाला उठवण्यात आले. या दौऱ्याविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

त्याआधीचे शालेय भोजन मात्र निवांत पाहता आले. मुलांच्या आधी मुख्याध्यापक ते जेवण चाखतात. मग पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली पाळीची मुले वाढतात, शिक्षिका वर्गातच त्यांच्यासोबत जेवतात आणि दुधाची रिकामी खोकी मुले धुऊन, उलगडून वाळत ठेवतात. कंपनीने दिलेली ‘शाकाहारी व्यवस्थे’ची हमी मात्र पोकळ निघाली, कारण सूप सुकवलेल्या माशाच्या अर्कावर केलेले होते. दुभाषी बाईंनी ते वेळीच सांगितले आणि आमच्यातील पाच जणांनी भात व संत्र्यावर भागवले. या बाई म्हणजे दौऱ्याचा सर्वांत भक्कम भाग होता.

मार्गदर्शकाबद्दल तसे म्हणता येत नाही. जपानी शाळांत सफाईसाठी कर्मचारीच नसतात, असे त्यांनी आम्हाला ठामपणे सांगितले. जेवणानंतर मुले वर्ग आणि जिने झाडतात-पुसतात हे खरे आहे, पण देखभालीसाठी शाळांत वेगळे कर्मचारीही असतात. तसेच ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत तेथील कनिष्ठ माध्यमिक (सातवी ते नववी) शाळेतील शिक्षकांचे काम आठवड्याला ५६ तास, म्हणजे सहभागी देशांत सर्वाधिक भरले, किंवा २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिकची सुमारे ३ लाख ४६ हजार मुले शाळेपासून दीर्घकाळ दूर राहिली, याचा आठ दिवसांत उच्चारही झाला नाही. शिक्षकांच्या दौऱ्यात हे प्रश्न टाळणे मला पटले नाही.

क्योटोत पावसामुळे बागेची फेरी रद्द झाली आणि दुभाषी बाईंच्या सूचनेवरून आम्ही शहराचे शाळा-इतिहास संग्रहालय पाहिले. जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीतील या संग्रहालयात कळले, की १८७२ मध्ये देशव्यापी शिक्षणव्यवस्था येण्याच्या तीन वर्षे आधी क्योटोच्या नागरिकांनी आपापल्या मोहल्ल्यांत ६४ शाळा उभ्या केल्या होत्या. माहितीपत्रकात नसलेला हा दीड तास छापील कार्यक्रमातील बऱ्याच ठिकाणांहून सरस ठरला.

शुल्क सुमारे अडीच लाख रुपये होते. निवास आणि वाहतूक चोख होती. जाऊ इच्छिणाऱ्यांनी शाळांच्या संख्येवर भुलू नये. प्रत्येक शाळेत किती तास, कोणता पाठ आणि पाठानंतरच्या चर्चेला किती वेळ, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. शाळा एकच मिळाली तरी चालेल, पण तिथे सकाळपासून मुले घरी जाईपर्यंत थांबता आले पाहिजे.