मिश्र वस्तीचं हायस्कूल: नऊ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत आम्ही एडिसनमधलं भाड्याचं घर सोडलं आणि न्यू जर्सीतल्याच, पाऊण तासावरच्या एका टाउनमध्ये आलो. निमित्त लेकीच्या नववीचं. एडिसनच्या वर्गात बघावं तिकडे आपलेच चेहरे. शाळा म्हणजे भारतीय दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडचाच पुढचा तुकडा वाटायची. ‘इथे राहून हिला अमेरिका कधी कळणार?’ हे नवऱ्याचं पालुपद मलाही पटायला लागलं होतं.

घर दाखवणाऱ्या गुजराती एजंटला मी सरळ विचारलं, की या शाळेत कुठले कुठले लोक आहेत? तो हसला. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश बघून गिऱ्हाईक वळवता येत नाही, तेव्हा ‘वेबसाइटवर बघा, बेन.’ मंदिर किती मिनिटांवर आहे, ते मात्र न विचारता सांगितलं!

वेबसाइट पाहिली. राज्याच्या शालेय अहवालात गोरे, हिस्पॅनिक, काळे, एशियन असे रकाने असतात. या शाळेत चारही भरलेले, कुणीच निम्म्याच्या वर नाही. भाळलो आम्ही. न्यू जर्सीत हे दुर्मीळच. राज्याच्या १९४७च्या घटनेत शाळांमधल्या वांशिक विभाजनाला बंदी आहे, पण शाळा ठरते पत्त्यावर, शाळांचे जिल्हे जवळजवळ ६००, आणि घरांच्या किमती गावागणिक वेगळ्या. २०१८पासून त्यावर कोर्टात भांडण चालू आहे.

सप्टेंबरात पालकांची संध्याकाळ असते. मुलाचं वेळापत्रक हातात घेऊन दहा-दहा मिनिटं प्रत्येक वर्गात बसायचं. ऑनर्स, म्हणजे वरच्या पातळीच्या, जॉमेट्रीच्या (भूमितीच्या) वर्गात शिरले आणि परत एडिसनला आल्यासारखं वाटलं. बहुतेक आपले आणि चिनी, मागच्या रांगेत पाच-सहा गोरे. दोन दारं सोडून साध्या जॉमेट्रीचा वर्ग. तिथे काळे आणि लॅटिनो पालक, निम्मी बाकं रिकामी. संध्याकाळी सात वाजता कामावर असणारे किती असतील! म्हणजे अहवालातली टक्केवारी खरी, पण ती इमारतीची. गणिताची गाळणी मिडल स्कूलमध्येच लागलेली असते. आमची लेक पाचवीपासून शनिवारी गणिताच्या क्लासला जायची, त्यामुळे इथे नाक मुरडायला मला फारशी जागा नाही.

गाळणी नाही ती जिममध्ये आणि बँडमध्ये. लेक क्लॅरिनेट वाजवते. ऑगस्टच्या उन्हात पार्किंग लॉटमध्ये बँडची कवायत झाली आणि तिथेच एक डोमिनिकन मैत्रीण मिळाली. फुटबॉलच्या मॅचनंतर मुलींना घरी सोडते तेव्हा त्या मुलीच्या आजीचा फोन हमखास येतो आणि ती मुलगी स्पॅनिशमध्ये ओरडते, ‘या वॉय!’, म्हणजे ‘येतेच!’ आता मी जेवायला हाक मारली की आमच्या लेकीच्या खोलीतूनही तेच उत्तर येतं.

गमावलं काय? एडिसनमध्ये तिच्या टोळक्यात तेलुगू, तमिळ, गुजराती, मल्याळी अशा मुली होत्या. नवरात्रात एकीकडे गरबा, दुसरीकडे तेलुगू मुलींचा फुलांचा सण बतुकम्मा. अहवालात हे सगळं ‘एशियन’ नावाच्या एकाच रकान्यात जातं, त्यामुळे कागदावर ती शाळा एकसुरी दिसते. तिथे ही ‘मराठी’ होती, इथे नुसती ‘इंडियन’ झाली. २०२२च्या कायद्याने राज्यात आशियाई-अमेरिकन इतिहास शिकवणं सक्तीचं आहे. चांगलंच आहे, पण त्या तासाला सर दर पाच मिनिटांनी हिच्याकडे बघायचे म्हणे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बायॉलॉजीची परीक्षा होती. दिवाळीची गैरहजेरी माफ असते, परीक्षा मात्र नंतर एकटीने बसून दिली.

तरी पुन्हा निवडायची वेळ आली तर हीच शाळा घेऊ. फक्त आधी केंद्रीय शिक्षण खात्याचा ‘सिव्हिल राइट्स डेटा’ उघडेन. त्यात एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, वर्गांत कुठल्या वंशाची किती मुलं आहेत, ते शाळेगणिक मिळतं. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

एक गोष्ट अजून डाचते. त्या मैत्रिणीला दहावीला ऑनर्स इंग्लिश हवं होतं. शिक्षकांची शिफारस नाही म्हणून काउन्सेलरने विषय संपवला. पालकांनी सही करून अर्ज दिला तर शिफारशीशिवायही प्रवेश मागता येतो, हे तिच्या आईला कुणी सांगितलंच नाही. मला ठाऊक होतं, कारण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फॉर्म जानेवारीपासून फिरतोय. मी तो त्या माउलीला पाठवला. ती रात्रपाळीहून येते, म्हणून सकाळी साडेसहाला त्यांच्या दारात गाडीच्या बॉनेटवर आम्ही दोघींनी मिळून भरला. सोमवारी ऑफिसात दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही.