युनिव्हर्सल ऑक्सिजन सेन्सर: सात महिने वापरल्यानंतर

गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा, आतल्या महागड्या धातूंसाठी चोर कापून नेतात तो) तरी वाचला ना, मग नशीबवान आहेस, असं दोघातिघांनी ऐकवलं. वाचला खरा. चोराने कन्व्हर्टरच्या मागचा पाइप निम्मा कापला, चाहूल लागली असावी, पळाला. पण कापताना मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या चारही वायरी तोडून गेला. त्याला ना प्लॅटिनम मिळालं, ना पॅलेडियम, ना ऱ्होडियम. मला मात्र डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा आणि स्कॅनरवर मागच्या सेन्सरच्या बिघाडाचे दोन कोड, पी०१३६ आणि पी०१४१, मिळाले, आणि गाडी ट्रॅक्टरसारखी फटफटायला लागली.

गॅरेजने अख्खी असेंब्ली बदलायला सांगितली. चार वायरींसाठी अख्खी असेंब्ली! मी पाइप वेल्ड करून घेतला आणि कनेक्टर नसलेला युनिव्हर्सल सेन्सर आणला. कनेक्टरसकट येणाऱ्यापेक्षा तो बराच स्वस्त. जुन्या कनेक्टरचं वीतभर शेपूट गाडीवर लटकत होतंच, ते वाया का घालवा?

इथून माझी खरी तक्रार सुरू होते: रंग. बॉशच्या पद्धतीत दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. डेन्सोच्या पद्धतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी ग्राउंडची. म्हणजे एकाची काळी सिग्नल, दुसऱ्याची काळी हीटर! माझं शेपूट एका पद्धतीचं, नवा सेन्सर दुसऱ्या. खोक्यातल्या तक्त्याची अक्षरं मुंगीएवढी. शेवटी मल्टिमीटर लावला. ज्या दोन वायरींमध्ये थोडे ओहम दिसतात, त्या हीटरच्या. एवढं एक वाक्य मोठ्या अक्षरात छापायला काय जातं यांचं?

सेन्सर काढणं-बसवणं सोपं. २२ चा फटीचा सॉकेट, इंजिन जरा कोमट, झालं. जोड मी स्वतः सोल्डर केले, वर हीट-श्रिंक. इतके देखणे की फोटो काढून ठेवले. पहिले तीन महिने विचारलं असतं तर डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते.

चौथ्या महिन्यात दिवा पुन्हा लागला. पी०१३७, व्होल्टेज कमी. मागच्या सेन्सरने साधारण ०.६-०.७ व्होल्टवर शांत बसायला हवं. माझा ०.१ च्या आसपास लोळत होता. तेव्हा पहिल्यांदा सेन्सरसोबतची सूचनापत्रिका नीट वाचली: सोल्डर करू नका, क्रिंप करा, म्हणजे धातूची नळी दाबून वायरी जोडा. कारण असं की सेन्सर धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेशी ताडून बघतो, आणि बऱ्याच सेन्सरांमध्ये ती बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत पोचते. सोल्डर तिथे झिरपला की त्याचा श्वास कोंडतो. देखणे जोड कापले, क्रिंप केले. फोटो अजून आहेत.

आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा पी०१३७. सेन्सर फेकायच्या बेतात होतो. वेल्डिंगवाल्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, आधी माझा जोड बघू. मी म्हटलं, अहो, तिथून धूर बाहेर येईल, आत काय जाणार? पण एक्झॉस्टचा दाब ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे क्षणभर दाब पडला की भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. कापलेली जागा बरोब्बर सेन्सरच्या पुढे, त्यामुळे सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि व्होल्टेज पडतं. थंड इंजिन चालू केलं, मागे टेलपाइपवर फडकं दाबून धरलं, वेल्डवर साबणाचं पाणी टाकलं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुडे! त्याने पुन्हा वेल्ड मारला, त्याआधी सेन्सर आठवणीने काढायला लावला, आणि पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून दिवा नाही. आता बिचारा सोल्डर दोषी होता की सगळा घोळ त्या भोकाचाच, हे ठरवायला मी जोड परत सोल्डर करणार नाही.

सेन्सरला पाचपैकी साडेतीन. अर्धा रंगांसाठी कापला, एक तक्त्यातल्या मुंग्यांसाठी. हिशेब मात्र मांडला नाही: दोन क्रिंपर, कारण पहिला भलत्याच मापाचा निघाला, स्कॅनर, मल्टिमीटरची नवी बॅटरी, आणि वर कन्व्हर्टरखाली बसवलेली लोखंडी शील्ड. ती शील्ड २००० आरपीएमला खणखणते. वॉशर घालून पाहिले, आता २२०० ला खणखणते.