समासातले संदर्भ झकास, तळटिपा एकतर्फी

चार महिने हे अभ्यास-बायबल रोज हातात आहे. संडे स्कूलला मोठ्या मुलांचा वर्ग घेते, त्याच्या तयारीसाठी आणलं. कागद इतका पातळ की पेनाची खूण मागच्या पानावर उमटते. पेन्सिलच वापरा.

एका मुलीने वर्गात विचारलं, "टीचर, पौल म्हणतो माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, याकोब म्हणतो नुसत्या विश्वासाने नाही. कुणाचं खरं धरायचं?" दोघेही बायबलच्या नव्या करारातले पत्रलेखक, आणि नीतिमान म्हणजे देवापुढे निर्दोष. मी तळटिपा काढल्या. पौलाच्या रोमकरांस ३:२८ ला अर्धं पान. याकोब २:२४ ला तीन ओळी: याकोबाला फक्त विश्वासाचा पुरावा म्हणायचंय, विषय संपला! अहो, प्रोटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात पौलाच्या त्या वाक्यात 'केवळ' हा शब्द स्वतः घातला. 'केवळ विश्वासाने' असं नव्या करारात एकाच जागी आहे, याकोबाच्या याच वचनात, आणि तेही नकारासकट. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने उलट बाजू मांडली. लुथेरन (ल्यूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिक या विषयावरच्या एका संयुक्त निवेदनावर सह्या करायला आले ते थेट १९९९ मध्ये. टिपा प्रोटेस्टंट बाजूच्या आहेत याला माझी हरकत नाही, मीही त्यातलीच. पण प्रस्तावनेत तसं सांगा की!

तारलं ते समासातल्या बारीक अक्षरांनी. रोम ४:३ आणि याकोब २:२३, दोन्हींशेजारी एकच संदर्भ: उत्पत्ती १५:६. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, हे तेच वचन दोघांनी घेतलंय. पौल बजावतो की सुंता तर उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायात, नीतिमान तो त्याआधीच ठरला. याकोब २२ व्या अध्यायात जातो, इसहाकाला वेदीवर ठेवलं तिथे. मुलीने मधले अध्याय बोटाने मोजले. "म्हणजे एक सुरुवातीचं सांगतोय, दुसरा पुढचं?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने स्वतः पानं उलटून काढलेलं ते.

विषयसूची मात्र निराशा करते. 'तारण' (पापातून सुटका) या शब्दाखाली इफिस २:८ मधलं झालेलं तारण, १ करिंथ १:१८ मधलं होत असलेलं आणि रोम १३:११ मधलं जवळ येत असलेलं, सगळं एका ओळीत कोंबलंय. 'भीत व कापत' वाला फिलिप्पै २:१२ तर गायबच.

पाचपैकी साडेतीन. पानांत खुणेसाठी घालायच्या फितीही दोनच आहेत. रोम, याकोब, उत्पत्ती असं वाचताना तिसऱ्या पानात बोट घालून बसावं लागतं.